जीवनसत्त्व ‘ड’ आणि विषाणुसंसर्ग : एका अनुमानाचा इतिहास

वैद्यकाच्या इतिहासात काही प्रश्न असे आढळतात की, त्यांची उत्तरे वारंवार दिली गेली तरी ते प्रश्न म्हणून शिल्लकच राहिले. जीवनसत्त्व ‘ड’ घेतल्याने सर्दी, इन्फ्ल्युएंझा यांसारख्या विषाणुजन्य रोगांपासून माणसाचे रक्षण होते काय, हा अशांपैकी एक प्रश्न होय. २०२० साली कोरोना विषाणूची जागतिक साथ पसरली तेव्हा तो नव्याने विचारला गेला, आणि पुष्कळांना तो त्या वर्षीच निर्माण झाला असे वाटले. वस्तुतः त्याची मुळे पाऊणशे-शंभर वर्षे मागे जातात. ऊन, ऋतू, आहार आणि रोग यांच्यातील साहचर्य पाहून कारणाचे अनुमान काढावे, लहान प्रयोगाने त्याला पुष्टी मिळावी आणि मोठ्या प्रयोगात ती पुष्टी विरून जावी, असा क्रम या इतिहासात एकाहून अधिक वेळा घडलेला दिसतो. हा क्रम का घडला आणि त्यातून आज कोणता प्रश्न खरोखर उरला आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१. तेल आणि ऊन

कॉड माशाच्या यकृताचे तेल हे उत्तर युरोपातील कोळ्यांचे जुने घरगुती औषध. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या रुग्णालयात ते संधिवातावर दिले जाऊ लागले. १८४१ मध्ये जॉन ह्यूज बेनेट यांनी एडिंबरो येथे त्यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर काही वर्षांतच लंडनच्या ब्राँप्टन येथील क्षयरुग्णालयात ते क्षयरोग्यांना मोठ्या प्रमाणावर देण्यात आले. तेथील वैद्यांना त्याचा गुण आला असे वाटले. तेलात नेमके काय आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. परंतु हाडांचा रोग आणि छातीचा रोग या दोहोंवर एकच औषध चालते, ही समजूत मात्र तेव्हापासून रुजली. पुढील सर्व इतिहासाचे बीज या समजुतीत आहे.

दुसरा धागा उन्हाचा. थिओबाल्ड पाम हे वैद्यकीय धर्मप्रचारक सुमारे दहा वर्षे जपानमध्ये होते. इंग्लंडला परतल्यावर तेथील मुलांत मुडदुसाचे प्रमाण पाहून त्यांना आश्चर्य वाटले, कारण जपानमध्ये तो रोग त्यांना जवळजवळ आढळलाच नव्हता. निरनिराळ्या देशांतील वैद्यांकडून माहिती मागवून त्यांनी १८९० मध्ये असे प्रतिपादन केले की, मुडदुसाच्या भौगोलिक वाटणीचे कारण सूर्यप्रकाशाच्या न्यूनाधिक्यात आहे. त्या काळी या मताकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आहार की ऊन, हा वाद १९१९ ते १९२४ या अल्प काळात मिटला. एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांना निकृष्ट आहारावर ठेवून त्यांच्यात मुडदूस उत्पन्न केला व तो कॉड तेलाने बरा करून दाखविला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुले बरी केली. मुलाच्या एकाच हातावर किरण सोडले तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात असे त्यांनी दाखविले, आणि त्यावरून त्वचेत निर्माण होणारे कोणते तरी द्रव्य रक्तावाटे सर्व शरीरात जात असले पाहिजे हे सूचित झाले. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड हेस यांनी केवळ उन्हाने तोच परिणाम साधला. १९२२ मध्ये बाल्टिमोर येथे मॅककॉलम व त्यांचे सहकारी यांनी कॉड तेल तापवून त्यातून प्राणवायू सोडला. असे तेल जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने होणाऱ्या नेत्ररोगावर निरुपयोगी ठरले, परंतु मुडदूस मात्र त्याने बरा झाला. अर्थात तेलात दोन निराळी द्रव्ये होती, आणि दुसऱ्यास ‘ड’ हे नाव मिळाले.

या वादात महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे. १९२० च्या दशकाच्या आरंभी एच. एस. हचिसन व एस. जे. शाह यांनी नाशिक येथे मुडदूस व प्रौढ स्त्रियांतील अस्थिमार्दव यांची पाहणी केली. ज्यांचा आहार अत्यंत निकृष्ट, परंतु ज्यांचे आयुष्य उघड्यावर जाते, अशा गरीब कुटुंबांत हे रोग त्यांना क्वचितच दिसले. उलट, पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील घरांत ते आढळले. भरपूर ऊन असलेल्या देशात राहणे आणि ते ऊन अंगावर पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पाहणीने स्पष्ट केले. पुढे या विषयावरील विवेचनात हा भेद अनेकदा विसरला गेला. म्हणून त्याची येथेच नोंद करणे उचित होय.

२. ‘संसर्गविरोधी जीवनसत्त्वा’चा काळ

तेलातील दोन द्रव्ये वेगळी झाली, तेव्हा छातीच्या रोगांवरील गुणाचे श्रेय कोणास द्यावयाचे हा प्रश्न उपस्थित झाला. १९२८ मध्ये ग्रीन व मेलनबी यांनी ते जीवनसत्त्व ‘अ’ला दिले. ‘अ’विरहित आहारावरील उंदरांत जागोजाग पू झालेला आढळला, आणि त्यावरून या द्रव्याला त्यांनी ‘संसर्गविरोधी’ असे विशेषण लावले. ते विशेषण अल्पावधीत लोकप्रिय झाले. १९३० च्या दशकात कॉड तेल हे सर्दी-खोकल्याचे प्रतिबंधक म्हणून विकले जाऊ लागले, कामगारांची आजारपणाची रजा कमी व्हावी म्हणून कारखान्यांत ते वाटून पाहण्यात आले, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ते पुरविले.

या काळातील अनुमानांत दोन दोष होते. पहिला असा की, ज्या प्राण्यांत अभाव मुद्दाम उत्पन्न केला आहे त्यांना ते द्रव्य देऊन जो लाभ होतो, तोच लाभ पुरेसा आहार घेणाऱ्या माणसास अधिक मात्रा दिल्याने होईल असे गृहीत धरले गेले. दुसरा दोष प्रयोगरचनेचा होता. तेल घेणारे व न घेणारे यांची विभागणी यदृच्छया केलेली नसे, आणि आपण काय घेत आहोत हे घेणाऱ्यास ठाऊक असे. याखेरीज ‘संसर्ग’ हा शब्दही सैल अर्थाने वापरला जाई. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला. त्यापूर्वीच्या लेखनात जंतुजन्य व विषाणुजन्य रोगांत भेद करणे बहुधा शक्यच नव्हते.

सल्फा औषधे व पेनिसिलिन आल्यावर ही चर्चा मागे पडली. तिच्या अखेरीस मात्र एक अनिष्ट घटना घडली. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये बालकांचे दूध, धान्याचे पदार्थ व कॉड तेल या सर्वांतून ‘ड’ एकाच वेळी पोटात जाऊ लागले, आणि १९५० च्या दशकात काही अर्भकांच्या रक्तात कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढल्याचे आढळले. अशी मुले खाईनाशी होत, त्यांची वाढ खुंटे, काहींच्या मूत्रपिंडांस इजा होई. १९५७ मध्ये या पदार्थांतील ‘ड’चे प्रमाण कमी करण्यात आले. सर्वांना समान मात्रा मिळूनही काहीच मुले का आजारी पडली, याचा उलगडा २०११ मध्ये झाला. ‘ड’चे विघटन करणाऱ्या विकराचे जनुक काही व्यक्तींत जन्मतःच सदोष असते. सर्वांना द्यावयाच्या औषधाचा हिशेब सरासरी माणसावरून मांडता येत नाही, हा धडा त्या अर्भकांनी मोठी किंमत देऊन शिकविला.

३. ऋतूचे कोडे

विषाणुसंसर्ग आणि ‘ड’ यांचा आजच्या अर्थाने संबंध जोडला गेला तो मात्र निराळ्या वाटेने. रॉबर्ट एडगर होप-सिम्प्सन हे इंग्लंडमधील सायरनसेस्टर या लहानशा गावी साधा दवाखाना चालविणारे वैद्य. कांजिण्यांचा विषाणू शरीरात सुप्त राहून पुढे नागिणीच्या रूपाने प्रकट होतो, हे त्यांनी आपल्याच रुग्णांच्या नोंदींवरून १९६५ मध्ये दाखविले होते. त्याच चिकाटीने त्यांनी इन्फ्ल्युएंझाच्या नोंदी ठेवल्या. घरातील एकास झालेला इन्फ्ल्युएंझा इतरांस अपेक्षेपेक्षा कमी वेळा होतो. एकाच अक्षांशावरील दूरदूरच्या ठिकाणी साथ जवळजवळ एकाच वेळी उठते. उत्तर व दक्षिण गोलार्धांत ती आपापल्या हिवाळ्यात येते. केवळ माणसाकडून माणसाकडे संक्रमण या कल्पनेने हे सर्व उलगडत नाही, असे त्यांना वाटले. १९८१ मध्ये त्यांनी असे मत मांडले की, सूर्याच्या किरणोत्सर्गावर अवलंबून असणारी कोणती तरी ऋतुजन्य प्रेरणा या साथींचे नियमन करीत असली पाहिजे. ती प्रेरणा कोणती, हे त्यांनी सांगितले नाही.

ती रिकामी जागा २००६ मध्ये जॉन कॅनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी भरली. कॅनेल हे कॅलिफोर्नियातील एका मनोरुग्णालयात वैद्य होते. २००५ च्या एप्रिलमध्ये त्या रुग्णालयात इन्फ्ल्युएंझाची साथ आली असता शेजारच्या कक्षांतील रुग्ण आजारी पडले, परंतु त्यांच्या कक्षातील, म्हणजे आधीपासून ‘ड’ घेत असलेले रुग्ण बचावले, असे त्यांनी नमूद केले. होप-सिम्प्सन यांची ऋतुजन्य प्रेरणा म्हणजे हिवाळ्यात घटणारे जीवनसत्त्व ‘ड’ होय, असा सिद्धांत त्यांनी मांडला. तो सुटसुटीत होता आणि अनेक विखुरलेली तथ्ये एका सूत्रात ओवीत होता. त्याचे आकर्षण त्यातच होते.

परंतु ऋतूबरोबर केवळ ऊनच बदलत नाही. हवेतील ओलावा बदलतो, माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात, शाळा भरतात व सुटतात. गिनीपिगांवरील २००७ च्या प्रयोगांत थंड व कोरड्या हवेत इन्फ्ल्युएंझाचे संक्रमण वाढते असे दिसले. २०११ मध्ये जेफ्री शामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ड’च्या वार्षिक चढउतारावर आधारलेली गणिती प्रतिमाने तपासली, आणि त्यांच्यापेक्षा हवेच्या आर्द्रतेवर आधारलेले प्रतिमान अमेरिकेतील साथींशी अधिक जुळते असा निष्कर्ष काढला.

या ठिकाणी भारतातील अनुभव विशेष उद्बोधक आहे. श्रीनगरला इन्फ्ल्युएंझा हिवाळ्यात येतो, तर पुणे-मुंबई या भागात त्याचा जोर पावसाळ्यात असतो. ढगांनी ऊन अडते म्हणून ‘ड’च्या सिद्धांताला हे अनुकूल दिसते. परंतु महिना-दोन महिन्यांच्या ढगांनी शरीरातील साठा कितपत घटतो हे पाहावे लागेल, कारण रक्तात फिरणाऱ्या ‘ड’चे प्रमाण अर्ध्यावर येण्यासच दोन-तीन आठवडे लागतात, आणि मेदातील साठा त्याहून सावकाश रिता होतो. उलट कोरड्या हवेचा सिद्धांतही येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण पावसाळ्याची हवा ओलसर असते. मुंबईतील १९१८ च्या महासाथीची पहिली लाट जूनमध्ये आली. दुसरी, अधिक संहारक लाट सप्टेंबरमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभी, म्हणजे आकाश निवळून ऊन तापू लागते त्या सुमारास, कळसास पोचली. नव्या विषाणूपुढे सर्वच असुरक्षित असल्यामुळे महासाथीस ऋतूचे बंधन कमी असते, हे खरे. तरी एवढे निश्चित की, समशीतोष्ण कटिबंधातील निरीक्षणावरून बांधलेला कोणताही एककारणी सिद्धांत उष्ण कटिबंधात येताच अपुरा पडतो.

४. पेशींची साक्ष

त्याच २००६ साली प्रयोगशाळेतून आलेल्या एका शोधाने या अनुमानाला मोठे बळ दिले. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. त्वचेत किंवा आहारातून मिळालेले ‘ड’ प्रथम यकृतात व नंतर मूत्रपिंडात रूपांतरित होते, आणि शेवटचे रूप हेच खरे क्रियाशील संप्रेरक असते, हे १९६८ ते १९७१ या काळात सिद्ध झाले होते. १९८३ मध्ये या संप्रेरकाचे ग्राहक श्वेतपेशींतही आढळले. हाडांशी ज्यांचा संबंध नाही अशा पेशींत ते कशासाठी असावेत, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला.

लॉस एंजेलिस येथील फिलिप लिऊ, रॉबर्ट मॉडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे एक उत्तर दिले. क्षयजंतूंच्या घटकांची चाहूल लागताच भक्षक पेशी ‘ड’चे क्रियाशील रूप स्वतःच तयार करू लागतात, आणि त्या संप्रेरकाच्या आज्ञेने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन निर्माण होते. ज्यांच्या रक्तात ‘ड’ कमी होते अशा आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींच्या रक्तरसात या पेशी वाढविल्या असता ते प्रथिन कमी बनले. बाहेरून ‘ड’ घालताच पुरेसे बनले. ब्राँप्टनच्या क्षयरुग्णालयातील तेलाला जणू दीडशे वर्षांनी समर्थन मिळाले.

या शोधाचे महत्त्व निर्विवाद आहे, परंतु त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. तो क्षयजंतूंविषयी होता. कॅथेलिसिडिन काही विषाणूंचे मेदयुक्त आवरणही भेदू शकते व उंदरांतील इन्फ्ल्युएंझा सौम्य करते असे नंतर दिसले. परंतु श्वसनमार्गाच्या पेशींवरील २०१० च्या एका प्रयोगात असे आढळले की, ‘ड’मुळे विषाणूंची संख्या घटत नाही, पेशींचा दाहक प्रतिसाद मात्र मंदावतो. म्हणजे ‘ड’ हे प्रतिकारशक्ती सरसकट वाढविणारे द्रव्य नसून तिचे नियमन करणारे द्रव्य आहे. काही ठिकाणी ते तिला चेतविते, तर काही ठिकाणी आवरते. परीक्षानळीतील अशा दुहेरी क्रियेवरून संपूर्ण माणसात काय घडेल याचे भाकीत करता येत नाही. त्यासाठी माणसांवरील चाचण्यांकडेच वळणे भाग होते.

५. लहान व मोठ्या चाचण्या

पहिली चाचणी योगायोगाने हाती आली. न्यूयॉर्क राज्यात जॉन अलोया यांनी २०८ आफ्रिकी-अमेरिकी रजोनिवृत्त स्त्रियांवर हाडांच्या ऱ्हासासंबंधी तीन वर्षे चाचणी केली होती. कॅनेल यांचा लेख वाचल्यावर तिच्या नोंदी पुन्हा चाळण्यात आल्या. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी २६ जणींनी, तर ‘ड’ घेणाऱ्यांपैकी केवळ ८ जणींनी सर्दी वा इन्फ्ल्युएंझाची तक्रार केली होती. २००७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले व मोठी आशा निर्माण झाली. परंतु त्याच संशोधकांनी केवळ हाच प्रश्न समोर ठेवून १६२ प्रौढांवर हिवाळ्यात बारा आठवड्यांची चाचणी केली, आणि २००९ मध्ये तिचे फळ प्रसिद्ध झाले. ‘ड’ घेणाऱ्या गटात श्वसनसंसर्गाच्या ४८ घटना, दुसऱ्या गटात ५०. मूळ हेतू दुसरा असलेल्या चाचणीतून मागाहून काढलेले अनुमान आणि त्याच हेतूने आखलेल्या चाचणीचे उत्तर यांत किती अंतर पडू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्या आशादायक निष्कर्षाची कठोर परीक्षा त्या संशोधकांनी स्वतःच घेतली, हेही नमूद करण्याजोगे आहे.

जपानमध्ये मित्सुयोशी उराशिमा यांनी २००८-०९ च्या हिवाळ्यात ३३४ शाळकरी मुलांवर चाचणी केली. ‘ड’ घेणाऱ्या १६७ पैकी १८ मुलांस व इतर १६७ पैकी ३१ मुलांस ‘अ’ प्रकारचा इन्फ्ल्युएंझा झाला. ‘ब’ प्रकारात मात्र फरक दिसला नाही. त्याच गटाने २००९ च्या महासाथीत केलेल्या पुढील चाचणीत आरंभी दिसलेला लाभ काही आठवड्यांतच नाहीसा झाला. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे ३२२ प्रौढांना अठरा महिने दरमहा मोठी मात्रा देण्यात आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दरमाणशी संसर्गाचे प्रमाण ३·७ व ३·८ असे, म्हणजे जवळजवळ समान राहिले. याच वर्षी काबूल येथील सुमारे तीन हजार अर्भकांवरील चाचणीत तिमाही मोठ्या मात्रेने न्यूमोनिया टळला नाही. उलट, मंगोलियातील उलानबाटर येथे अत्यंत अभावग्रस्त शाळकरी मुलांना हिवाळ्यात ‘ड’युक्त दूध दिले असता पालकांनी सांगितलेल्या श्वसनविकारांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले.

या परस्परविरोधी निष्कर्षांची सांगड घालण्याचा मोठा प्रयत्न लंडनच्या एड्रियन मार्टिनो यांच्या नेतृत्वाखाली झाला. २०१७ मध्ये २५ चाचण्यांतील सुमारे अकरा हजार व्यक्तींच्या नोंदी एकत्र तपासून त्यांनी दाखविले की, ‘ड’मुळे तीव्र श्वसनसंसर्गाचा संभव अल्प प्रमाणात घटतो. जे मुळातच फार अभावग्रस्त होते आणि ज्यांना रोज वा आठवड्यास लहान मात्रा मिळाली, त्यांच्यात हा लाभ अधिक होता. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेने तो झाला नाही. विसंगतींचा समाधानकारक उलगडा झाला असे वाटले. परंतु त्यानंतर नव्या, मोठ्या चाचण्यांची भर पडली. ऑस्ट्रेलियातील एकाच चाचणीत एकवीस हजारांवर वृद्ध होते. २०२१ च्या एकत्रित विश्लेषणात लाभ अधिक क्षीण झाला, आणि २०२५ च्या विश्लेषणात तो इतका लहान झाला की, त्यास निव्वळ योगायोगापासून वेगळे करता येईना. अभावग्रस्तांना अधिक लाभ होतो ही २०१७ ची खूणही या नंतरच्या विश्लेषणांत टिकली नाही.

६. महासाथ आणि पुन्हा तेल

२०२० च्या घटना या पार्श्वभूमीवर पाहिल्या पाहिजेत. साथीच्या पहिल्या महिन्यांत पुन्हा साहचर्यांची रीघ लागली. ज्या देशांत ‘ड’ची सरासरी कमी तेथे मृत्यू अधिक, रुग्णालयात आलेल्या गंभीर रुग्णांच्या रक्तात ‘ड’ कमी, ब्रिटनमध्ये आरंभी मृत्यू पावलेल्या वैद्यांत भारतीय उपखंडातून व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतील अनेकजण. सावळ्या त्वचेत उन्हाने ‘ड’ कमी बनते, हे खरेच. परंतु हेच वैद्य रुग्णांच्या सर्वाधिक सान्निध्यात काम करीत होते, हेही खरे होते.

रक्तातील कमी प्रमाणाचा अर्थ लावण्यात तर एक मूलभूत अडचण होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर रक्त तपासून २०११ मध्ये दाखविण्यात आले होते की, शरीरात दाह उत्पन्न होताच रक्तातील ‘ड’ दोनच दिवसांत लक्षणीय प्रमाणात उतरते. गंभीर रुग्णात ते कमी आढळले तर ते रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, हे त्या एका मापनावरून ठरविता येत नाही. त्याशिवाय वार्धक्य, स्थूलता, दीर्घ आजार व घरात खिळून राहणे या सर्वांनी ‘ड’ घटते, आणि याच गोष्टींनी कोरोनाचा धोकाही वाढतो.

चाचण्यांचा क्रमही पूर्वीचाच राहिला. स्पेनमधील कॉर्डोबा येथे ७६ रुग्णांच्या चाचणीत ‘ड’चे एक रूप मिळालेल्या ५० पैकी एकासच, तर न मिळालेल्या २६ पैकी १३ जणांस अतिदक्षता विभागात हलवावे लागले. हे आकडे जगभर गाजले. परंतु साओ पावलो येथील २४० रुग्णांच्या, औषधविरहित द्रव्याशी तुलना करणाऱ्या चाचणीत एका मोठ्या मात्रेने रुग्णालयातील वास्तव्य एका दिवसानेही घटले नाही. ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांपैकी निम्म्यांचे रक्त तपासून ज्यांना गरज होती त्यांना सहा महिने रोज ‘ड’ देण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार श्वसनसंसर्ग वा कोरोना यांच्या प्रमाणात घट झाली नाही.

याच वर्षी नॉर्वेतील एका चाचणीने इतिहासाचे वर्तुळ पूर्ण केले. तेथे सुमारे चौतीस हजार प्रौढांस सहा महिन्यांपर्यंत रोज पाच मिलिलिटर कॉड तेल किंवा तितकेच मक्याचे तेल देण्यात आले. कोरोनाची बाधा एका गटात १·३१ टक्के व दुसऱ्यात १·३२ टक्के जणांस झाली. ज्या तेलापासून या अनुमानाचा उगम झाला, त्याच तेलाची त्याच्या मायभूमीत, पूर्वी कल्पनाही करता आली नसती इतक्या मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली, आणि निष्कर्ष नकारात्मक आला.

७. उरलेला प्रश्न

मग हा विषय संपला काय ? तसे म्हणणे घाईचे होईल. नॉर्वेतील ज्या व्यक्तींचे रक्त तपासले गेले त्यांपैकी बहुसंख्यांत ‘ड’ आरंभापासूनच पुरेसे होते. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील चाचण्यांतही बहुतेकांची स्थिती तीच होती. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतल्याने तहान अधिक भागत नाही, हे या चाचण्यांनी सिद्ध केले. रिकामी घागर भरल्यास काय होते, याचे उत्तर त्यांच्याकडून मिळणे शक्यच नव्हते. काबूल व उलानबाटर येथील चाचण्या त्या दिशेने गेल्या, परंतु त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मंगोलियातच २०२० मध्ये पूर्ण झालेल्या ८,८५१ मुलांच्या चाचणीत जवळजवळ सर्व मुले अभावग्रस्त होती. तीन वर्षे दर आठवड्यास ‘ड’ देऊनही क्षयसंसर्गाचे प्रमाण घटले नाही. क्षय हा विषाणुजन्य रोग नव्हे. तथापि २००६ चा पेशीतील शोध क्षयजंतूंविषयीच होता. तेव्हा अभावग्रस्तांतही यंत्रणा असणे आणि लाभ होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या चाचणीवरून मान्य करावे लागते.

अत्यंत अभावग्रस्तांवर दीर्घकाळ चाचणी करण्यात नैतिक अडचणही आहे. ज्याच्या शरीरात ‘ड’ची तीव्र उणीव आढळली आहे त्यास वर्षानुवर्षे औषधविरहित गोळी देत राहणे कोणत्याही वैद्यास मान्य होणार नाही, कारण त्याच्या हाडांची हानी निश्चित आहे. परिणाम असा की, ज्यांच्याविषयी प्रश्न खरोखर खुला आहे त्यांच्यावर तो तपासता येत नाही, आणि ज्यांच्यावर तपासता येतो त्यांच्याविषयी तो बहुतेक मिटलेला आहे.

इतिहासाच्या दृष्टीने पाहता या प्रकरणातून दोन परस्परविरोधी चुका संभवतात. विषाणूविरुद्ध कवच म्हणून प्रत्येकाने मोठ्या मात्रा घ्याव्यात, ही पहिली. भारतात साठ हजार एककांची मात्रा सहज मिळते. ती आठवड्यास एकदा व ठरावीक मुदतीपर्यंत घ्यावयाची असताना अजाणतेपणी रोज घेतली गेल्यास ब्रिटनमधील अर्भकांचा अनुभव प्रौढांतही पुन्हा येऊ शकतो. दुसरी चूक अशी की, विषाणूवरील आशा फोल ठरली म्हणून ‘ड’चा अभाव हाच एक भ्रम मानावा. नाशिकच्या पाहणीत दिसलेल्या घरबंद स्त्रियांचे अस्थिमार्दव ही कल्पना नव्हती. १९६० च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो येथील पाकिस्तानी कुटुंबांत तोच रोग पुन्हा आढळला, आणि आज उन्हाच्या देशांतील शहरांतही अंगावर ऊन न पडणाऱ्यांची संख्या लहान नाही. त्यांच्या हाडांसाठी ‘ड’ची गरज शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे. तिला विषाणूच्या युक्तिवादाचा आधार लागत नाही.

मुडदुसाच्या बाबतीत साहचर्यापासून कारणापर्यंतचा प्रवास पाम यांच्या १८९० च्या लेखापासून मॅककॉलम यांच्या १९२२ च्या प्रयोगापर्यंत बत्तीस वर्षांत पूर्ण झाला, कारण प्रत्येक टप्प्यावर अभाव उत्पन्न करून व तो भरून काढून अनुमान पडताळता आले. विषाणुसंसर्गाच्या बाबतीत तोच प्रवास अधिक काळ चालूनही पूर्ण झालेला नाही. एका रोगात खऱ्या ठरलेल्या अनुमानाची पुण्याई दुसऱ्या रोगातील अनुमानाच्या खात्यावर जमा करण्याची प्रवृत्ती हे या दीर्घ भ्रमाचे प्रमुख कारण होय, आणि ते केवळ जीवनसत्त्व ‘ड’च्या इतिहासापुरते मर्यादित नाही.